भिंतीचा दम

पिंपळझरीच्या खाणीत वारलूला वारलू म्हणून हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी सगळे त्याला नळीवाला म्हणत. माजरीच्या पलीकडे, वर्धा नदीच्या अंगाला, एका खासगी मालकाची ही कोळशाची खाण. तिच्यातल्या एका बंद केलेल्या बोगद्याच्या तोंडावर विटांची जाड भिंत होती. भिंतीतून लोखंडी नळी बाहेर आली होती आणि तिला काचेची वाकडी नळी जोडून तीत लाल पाणी भरलं होतं. ते पाणी कुठल्या बाजूला चढलं नि कुठल्या बाजूला उतरलं, एवढं पाहून वर सांगायचं, हे वारलूचं काम. लोक म्हणायचे, नशीब काढलं लेकानं, बसून खातो. लोकांचं काय जातं? आगीतून उठून फुफाट्यात पडलेल्या माणसालाही लोक म्हणतील, ऊब तरी लागत असेल.

वारलू मूळचा सावलीकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ रामाजी आणि रामाजीची बायको भागीरथा, एवढंच त्याचं घर. तिघं खाणीच्या मजुरांच्या लाइनीत शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहत आणि एका चुलीवर जेवत.

आता आमच्याकडे भावजय भासऱ्याशी बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर पदर कपाळाच्या खाली आणि आवाज घशाच्या खाली. पण एका चुलीवरच्या माणसांनी बोलल्यावाचून कसं भागवायचं? मग मधे भिंत घ्यायची. भागीरथा भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "भात झाला म्हणा." वारलू ओट्यावरून दुसऱ्या भिंतीला सांगायचा, "येतो म्हणा." रामाजी मधे बसून खिदळायचा.

"घरात माणसं तीन, अन् बोलून राह्यल्या भिंती," तो म्हणायचा. "मले तं वाटते, मी मेलो तरी या भिंती तुमचा संसार चालवतीन."

मेल्या जिभेचं हे असंच असतं. हसत हसत काय बोलून जाईल, नेम नाही.

रामाजी म्हणजे आनंदी आनंद. कामाला वाघ, पण जीव सगळा दंडारीत. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, पाहुणे जमतात, आणि गावची माणसंच रंग लावून दंडार उभी करतात. रामाजी तीत गौळण व्हायचा. लुगडं नेसून उभा राहिला की त्याची स्वतःची सासूसुद्धा फसावी, असं त्याचं रूप. एकावन्न सालच्या दिवाळीनंतर तो असाच सकाळी गाठोडं काखेत मारून "चाललो मंडईले" म्हणत घरातून निघाला. भागीरथानं वाटेसाठी पोह्यांची पुरचुंडी बांधून दिली. वारलूनं माजरीच्या ठेसनावर खाणीतच कामाला असलेल्या, त्यांच्याच गावच्या झिंगूला गाडीत बसताना पाहिलं, तेव्हा रामाजीही पुढच्या डब्यात असेल असं त्यानं धरून टाकलं.

त्याच दिवशी दुपारी खाणीत आग लागली. कोळसा पेटवावा लागत नाही, पडून पडून तो आपल्या आपण तापतो. एका जुन्या बोगद्यातून धूर आला, माणसं धावत वर आली, आणि पाळीवरचा मुकादम, ओवरमन गुणवंतराव दिवे मोजायला बसला. खाली जाणाऱ्यानं आपला बिल्ला द्यायचा आणि जाळीचा दिवा घ्यायचा, वर आलं की दिवा परत करून बिल्ला घ्यायचा, अशी तिथली रीत. एक दिवा कमी भरला. बिल्ला होता झिंगूचा.

"झिंगू कुठी हाय? कोणं पायलं काय त्याले?" गुणवंतराव ओरडत होता.

वारलू पुढे झाला. "म्या पायलं, भाऊ. सकाळी गाडीत बसून मंडईले गेला. माह्या डोळ्यादेखत गेला."

"देवाची शप्पथ?"

"शप्पथ."

खरं होतं ते, अक्षर न् अक्षर खरं. गुणवंतरावचा जीव भांड्यात पडला. कारकुनानं घोळ घातला असेल, दिवा खालीच कुठंतरी राहिला असेल, असं म्हणून त्यानं बोगद्याचं तोंड बंद करायचा हुकूम दिला. हवा तोडली की आग मरते. बारा माणसं विटा-चिखल घेऊन भिडली आणि त्यांत वारलू सगळ्यात पुढे. गावाकडं त्यानं थोडी गवंडीकामं केली होती, हात बसलेला होता. "दुहेरी घाला रे," तो म्हणत होता, "फट राहू देऊ नोका." भिंत झटक्यात उभी राहिली. खाणीच्या साहेबानं पाठ थोपटली, आणि नळीवर बसायचं काम त्यालाच दिलं. भिंतीला चीर पडली तर लिंपायला ओल्या चिखलाची घमेली तिथंच ठेवलेली.

पहिल्या दिवशी नळीतलं पाणी झपकन चढलं. आतला गॅस बाहेर रेटत होता. मग चढण्याचा वेग कमी झाला, आणि दुसरीच गंमत दिसायला लागली. सकाळी पाणी आतल्या बाजूला सरके, म्हणजे भिंत बाहेरची हवा ओढून घ्यायची. दुपार झाली की ते उलटं फिरे, म्हणजे भिंत आतली हवा बाहेर टाकायची. संध्याकाळी पुन्हा आत. वारलूनं गुणवंतरावला बोलावून दाखवलं.

"दम घेऊन राह्यली भिंत तुही," गुणवंतराव हसून म्हणाला. खाणीतली जुनी माणसं बंद बोगद्याला असंच म्हणतात. वारलूलाही मजा वाटली. रात्री जेवताना त्यानं घरच्या भिंतीला ती बातमी दिली, "खाणीतली भिंत दम घेते म्हणा." पदराआडून भागीरथा हसल्याचा आवाज आला. हसू द्या बिचारीला. तिचं तेवढंच राहिलं होतं.

आठवड्याभरानं झिंगू मंडईहून परतला. ओट्यावर प्रसादाचे मुरमुरे ठेवत म्हणाला, "रामाजी काऊन नाई आला, भाऊ? आम्ही वाट पाहू पाहू थकलो. त्याची गौळण दुसऱ्याले द्या लागली."

वारलूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तो तुह्यासंगंच गेल्ता ना?"

"नाई बा. मी नागा केला असता तं नाव कटलं असतं माहं. त्यानंच म्हटलं, तू जाय, तुह्या बिल्ल्यावर मी भरतो एक पाळी, अन् संध्याकाळच्या गाडीनं येतो मागून."

मग झिंगूला स्वतःच कळलं आपण काय बोललो ते. दारात उभ्या भागीरथाच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ ओटाभर झाले. ते गोळा करायला कोणी वाकलं नाही.

वारलू अनवाणी पळत गुणवंतरावकडे गेला. "भाऊ, भिंत फोडा. माहा भाऊ हाय आत." गुणवंतराव तापट माणूस, पण त्या वेळी ओरडला नाही, त्यानं वारलूचा दंड धरला. दोघं साहेबाच्या बंगल्यावर गेले. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि सांगितलं की भिंत फुटणार नाही. आत आग जिवंत आहे, गॅस भरलेला आहे, ताजी हवा आत गेली की भडका उडेल आणि पाळीवरची सगळी माणसं जातील. माणुसकी नव्हती म्हणावं तर तसंही नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जितका राग येतो तितका लबाडाचासुद्धा येत नाही.

घरी भागीरथा रडत नव्हती. चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. वारलूची चाहूल लागताच भिंतीला म्हणाली, "ती भिंत दम घेते म्हणाले होते ना?"

वारलू ओट्यावर टेकला.

"दगड दम नाई घेत म्हणा. इटा दम नाई घेत. माणूस घेते."

वारलूच्या काळजात लख्ख उजेड पडला. खोटा होता, पण पडला. अंधारात बसलेल्या माणसाला खरा उजेड नि खोटा उजेड निवडायची सवड नसते. खाणीत पाणी झिरपतं, प्यायला मिळत असेल. पोह्यांची पुरचुंडी आहे. कुठून तरी जुन्या बोगद्यातून हवा येत असेल. आणि दम तर चालू आहे, रोज, आपल्या डोळ्यांसमोर. आपण शपथ घेऊन भाऊ गाडला, दुहेरी विटा घालून गाडला, पण देवानं त्याचा दम ठेवला. असं त्यानं मनाशी घट्ट धरलं, कारण ते सोडलं तर धरायला काही उरत नव्हतं.

त्यानंतर तो नळीची तोटी उघडून तोंड लावून हाका मारू लागला. "रामाजी. अरे रामाजी. मी हाय." कान लावायचा. लोखंड टिक टिक करायचं, गार झालं की ते करतंच, पण त्याला वाटायचं आतून कोणी ठोकतंय. तोही ठोकायचा. जन्मभर भिंतीशी बोलायची सवय होती, ती अशी कामी आली. घरच्या गोष्टी सांगायचा, भागीरथानं काय रांधलं ते सांगायचा. येणारेजाणारे मजूर मान खाली घालून पुढे निघून जायचे.

गुणवंतराव एक दिवस त्याच्याजवळ येऊन बसला.

"वारलू, माठ पायला ना तू? पाणी ओतून टाकलं, पालथा घातला, तरी त्याच्या अंगातली ओल कितीक दिवस निघत राह्यते. तसाच हा दगड हाय. कोळशाच्या वर तो काळा, पाटीसारखा पापुद्र्याचा थर पायतो ना आपण, शेल म्हणतात त्याले, त्याच्या अंगात गॅस दाबून भरला हाय. आपण खणलं की फटीतला गॅस पहिले येते, धावत येते. म्हून पाणी झपकन चढलं. आता दगड अंगातला सोडून राह्यला, हळूहळू. वर्षानुवर्षं सोडन."

"अन् दम?"

"तो बाहेरच्या हवेचा खेळ होय. सकाळी बाहेरची हवा जड होते, आत रेटते. दुपारी हलकी होते, मंग आतली बाहेर येते. हापिसातला हवेचा काटा पाय, त्याच टायमाले हलते. खाण रिकामी असली तरी असंच होते, बाप्पा."

"म्हंजे तो दम रामाजीचा नाई?"

गुणवंतरावनं नळीची उघडी तोटी बंद केली. मग म्हणाला, "दम धर, वारलू."

काय भाषा आहे आपली. एकच शब्द, जगायला तोच, थांबायला तोच, धमकीला तोच. दम घे, दम धर, दम देतो, दम निघाला. वारलूला त्या घडीला गुणवंतरावचा गळा धरावासा वाटला.

घरी भागीरथानं त्याला सोडलं नाही. तिच्या माहेरची माणसं येऊन बसली होती. तिच्या कपाळावरचं कुंकू पाहून बायका कुजबुजत होत्या की आता किती दिवस लावणार, तेरवीचं काही पाहा. ती उठली, खोलीतल्या भिंतीपुढे उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भिंतीले सांगून राह्यली मी. ज्याईनं बांधली त्याईनंच फोडावी म्हणा. नाईतर माहं कुंकू त्याईनंच येऊन पुसावं."

त्या रात्री वारलू जेवला नाही. त्यानं विचार केला, आणि संकटात माणूस जशी हुशारी करतो तशी केली. दुपारी भिंत दम बाहेर टाकते. म्हणजे त्या वेळी वीट काढली तर बाहेरची हवा आत जाणार नाही, आतलीच बाहेर येईल. आग भडकणार नाही. माणसं मरणार नाहीत. एक वीट, फक्त हाक आत जाण्यापुरती. गुणवंतरावनं समजावलेलंच त्यानं गुणवंतरावविरुद्ध वापरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलत होती, बोगद्याकडे कोणी नव्हतं. नळीतलं पाणी बाहेरच्या बाजूला चढलेलं. वारलूनं दिवा खाली ठेवला, एका अंगाला सरकून उभा राहिला आणि टिकावाच्या टोकानं चिखल उकरायला लागला. आपणच घातलेली वीट, आपणच लिंपलेली. पहिल्या थराची निघाली, मग मागच्या थराची. भोक पडलं.

आतून दम आला, ऊन आणि ओलसर. सडक्या पानांसारखा काहीसा गोड वास. वारलूनं भोकाच्या कडेला तोंड नेलं आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, "रामाजी."

उत्तर नाही. दम येतच राहिला.

पुन्हा हाक मारली आणि कान लावला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. माणसाच्या दमाला थांबा असतो. आत घेतो, थबकतो, बाहेर सोडतो, पुन्हा घेतो. झोपलेल्याचा असो, मरणाऱ्याचा असो, थांबा असतोच. या दमाला थांबा नव्हता. तो एकसारखा येत होता, आणि संध्याकाळपर्यंत तसाच येत राहिला असता.

दिसावं म्हणून त्यानं दिवा उचलून भोकासमोर धरला. ज्योत ताणली गेली, लहान झाली आणि विझली.

काळाकुट्ट अंधार झाला. वारलूचं डोकं गरगरायला लागलं. ज्या दमात दिवा जगला नाही, त्यात आठवडा-दोन आठवडे माणूस जगेल का, हे त्याला कोणा साहेबानं सांगायची गरज उरली नाही. रामाजी गेला होता. कदाचित भिंत उभी राहण्याआधीच गेला असेल, कदाचित नंतर. हे कधीच कळणार नव्हतं, आणि ते कळणार नाही हेच त्याच्या वाट्याला आलेलं होतं. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि तोंडात पंजा कोंबून रडला.

मग उठला. कारण संध्याकाळ होणार होती आणि संध्याकाळी भिंत हवा आत ओढणार होती. पाळीवर माणसं उतरली होती, प्रत्येकाच्या घरी कोणीतरी होतं. अंधारात चाचपत त्यानं विटा शोधल्या, चिखल घेतला आणि आपल्या भावावरची भिंत दुसऱ्यांदा बांधली. कडा बोटांनी दाबून दाबून लिंपल्या. मग रुळांच्या आधारानं ठेचकाळत वर आला.

खाणीच्या तोंडाशी भागीरथा उभी होती. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून वारलूला आधी नीट दिसलं नाही. तिचा पदर खांद्यावर पडला होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती, सरळ, तोंडाकडे. मधे भिंत नव्हती. एवढ्या वर्षांत त्यानं तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"दम हाय का?" तिनं विचारलं.

वारलूच्या मनात आलं, एकदा खरं बोललो, त्याची भिंत झाली. आता काय बोलू? आणि त्याच्या तोंडून आलं, "हाय."

तेही खरंच होतं. भिंतीला दम होता.

भागीरथानं पदर कपाळावर ओढला आणि घराकडे वळली. माहेरची माणसं तिला न घेताच परत गेली.

तो भाग मालकानं कायमचा सोडून दिला. भिंत कधी फुटली नाही. वारलूला वरचं हलकं काम देऊ केलं, तर त्यानं नळी सोडली नाही. रोज संध्याकाळी घरी आला की चुलीजवळून भिंतीला विचारणा व्हायची, "दम हाय म्हणा?" आणि ओट्यावरून उत्तर जायचं, "हाय म्हणा." मग ताट वाढलं जायचं. कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. लोकांनी नावं ठेवायची तेवढी ठेवली. एका चुलीवर भासरा नि भावजय, आणि तिच्या कपाळाला कुंकू, म्हणजे लोकांना चघळायला वर्षभराची सुपारी. वारलू दिवसेंदिवस वाळत गेला. रोज ते "हाय" गिळायचं आणि वर भात गिळायचा, कुणाच्या अंगी लागेल?

पुढे त्याच्या छातीतच दम भरला. चार पावलं चालला की धाप. खाणीची धूळ, डॉक्टर म्हणाला. अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात तो अंथरुणाला खिळला, आणि तिथूनही संध्याकाळी न विचारता म्हणायचा, "दम हाय म्हणा." कशाचा, त्याचा की भिंतीचा, कळत नसे.

एका सकाळी त्याची धाप थांबली. शेजारच्या बायका जमल्या. झिंगू दाराशी उभा होता. भागीरथा वारलूच्या उशाशी बसली. ज्याच्या सावलीला कधी शिवली नाही, त्याच्या नाकापुढे तिनं तळहात धरला. बराच वेळ धरला. मग भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "दम नाई म्हणा."

त्यानंतर तिनं पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं आणि बांगड्या जमिनीवर आपटून फोडल्या.

शेजारची म्हातारी सोनीबाई न राहवून म्हणाली, "काय करतं, बाई? भासऱ्यासाठी कोणी कुंकू पुसते काय?"

भागीरथानं काचा गोळा करायला सुरुवात केली होती. वर न पाहता ती म्हणाली, "यायच्यासाठी नाई, बाई. घरधन्याचंच पुसलं. हे खाणीतून वर आले तवाच समजलं मले. हाताले ओला चिखल होता यायच्या. भाऊ जित्ता सापडला असता, तं भिंत परत लिंपून कोण आलं असतं?"

"मंग इतके वर्षं काऊन ठेवलं?"

"यायनं हाय म्हटलं," ती म्हणाली. "म्या नाई म्हटलं असतं, तं हे त्याच दिवशी मेले असते."